चोपन्न बारा

१०

चंद्रभागावहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, टेंपोत माझ्यासमोरच्या फळीवर बसली होती. खालापूर फाटा मागे पडला, चाक खड्ड्यात गेलं, सगळे एकमेकांवर आदळलो आणि सावरता सावरता ती सहज म्हणाली, "चोपन्न बारा. माजा नंबर मला नऊ दिस आदी ठाऊक व्हता, भावजी." गुपित सांगावं तसं ती बोलली नाही. आज वारा आहे, असं म्हणावं तसं बोलली. मी विचारलं, कसा ठाऊक होता? तर तिनं सांगितलं की कारखान्यातल्या कँटीनच्या गोदाकडून एकदा भजी घेतली होती. कागद मी चालवतो त्या कॉम्प्युटर मशीनचा होता, हिरव्या पट्ट्यांचा. भजी संपल्यावर तेलात तिला तिचं नाव दिसलं. मीच तिला कायम होण्याच्या परीक्षेसाठी इंग्रजी आकडे आणि इंग्रजीतलं तिचं नाव वाचायला शिकवलं होतं, तेवढंच इंग्रजी तिला येतं, आणि तेवढंच त्या कागदावर होतं. नावापुढे चोपन्न बारा. मग परीक्षेच्या दिवशी दारात चिठ्ठी मिळाली, तीवरही चोपन्न बारा. तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. मशीननं आपल्यासाठी एक नंबर ठरवून ठेवलाय आणि मशीन शब्दाला जागलं, एवढंच. कागद तिनं धुऊन वाळवून डब्यात ठेवला होता. मी बाहेर बघत राहिलो. एकाच क्षणी दोन गोष्टी कळल्या होत्या आणि दोन्ही कळायला नको होत्या. पहिली अशी की माझं मशीन गेले चार महिने मला फसवत होतं. दुसरी अशी की त्याच दुपारी मी त्रेसष्ट उमेदवारांचे गुण नंबरांपुढे भरले होते, आणि ५४१२ पुढे ७१ लिहिलं होतं. वरून चौथा नंबर. जागा अकरा. वहिनी पास होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. कोणाचा नंबर कोणता हे मला माहीत असता कामा नये, हीच तर या सगळ्यातली एकमेव अट होती.

२०

प्रोग्रामच्या ओळींना नंबर द्यावे लागतात. ते दहा-दहाच्या फरकानं द्यायचे, म्हणजे मागून काही आठवलं तर मधे घालता येतं. दहा आणि वीसच्या मधे पंधरा. पंधरा आणि वीसच्या मधे सतरा. मला ही पद्धत फार आवडली होती, कारण जगण्यात तशी सोय नाही. मी ज्या कारखान्यात काम करतो तिथे सुताच्या कांड्यांसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या बनतात. शहाऐंशी सालच्या जानेवारीत मुंबईच्या हेड ऑफिसनं तिथे एक कॉम्प्युटर पाठवला, आणि तो चालवायला मला बसवलं, कारण मी ठाण्याला सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि चप्पल काढून आत यायची मला लाज वाटत नव्हती. यंत्राच्या त्या खोलीत चप्पल चालत नाही. मार्चमध्ये ठरलं की पॅकिंगमधल्या हंगामी कामगारांतून अकरा तपासनीस कायम करायचे आणि त्यासाठी लेखी परीक्षा घ्यायची. पेपर तपासणार आबाजी फोरमन. मी आमच्या पर्सोनेल अधिकाऱ्यांकडे, टिपणीस साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, पेपरवर नाव नको. नंबर घालू. तोही हजेरीचा नंबर नको, तो फोरमनला पाठ असतो. मशीन प्रत्येकाला चार आकडी नंबर देईल, कशावरूनही न काढलेला, ज्याला मागचं-पुढचं काही नाही. रँडम. सरकारी कोशात याला यादृच्छिक म्हणतात, तो शब्द मी त्यांना ऐकवला नाही. नावांची आणि नंबरांची यादी तुमच्या कपाटात, कुलूप लावून. साहेब हसले आणि म्हणाले, करा. त्यांना ते खेळण्यासारखं वाटलं असावं. मी तीन रात्री घालवल्या. एकच नंबर दोघांना जाऊ नये म्हणून सात ओळी लिहिल्या. एकाच माणसाला तोच नंबर दोनदा येईल, ही शंका मला एकदाही आली नाही.

३०

माणूस तीन प्रश्नांत उघडतो. पहिला, नाव काय. दुसरा, गाव कोणतं. कशेळ्याच्या अलीकडे, असं म्हटलं की तिसरा येतोच, कोणत्या आळीतले. यानंतर विचारणाऱ्याचा चेहरा थोडा हलतो. फार नाही. पाण्याचा पेला पुढे करणारा हात अर्ध्यात थांबतो, किंवा थांबत नाही पण थांबला असता हे दोघांनाही कळतं. आम्ही बौद्ध. मी शाळेत पहिल्या पाचात कधी आलो नाही. मास्तर वाईट नव्हते, त्यांनी मला कधी मारलं नाही, फक्त माझा पेपर हातात घेतल्यावर वर लिहिलेलं नाव आधी वाचायचे. मग अकरावीला बोर्डाची परीक्षा आली. कर्जतच्या केंद्रावर बाकावर खडूनं लिहिलेला एक नंबर मिळाला. पेपर कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी माणसानं, तो नंबर बघून तपासले. मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. शाळेत पहिला. मास्तरांनी पेढा दिला आणि म्हणाले, श्रीपत, आम्हाला कळलंच नाही रे. ते खरं बोलत होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. तेव्हापासून माझा नंबरांवर विश्वास बसला. माणूस नंबराच्या मागे उभा राहिला तर थोडा वेळ का होईना, फक्त त्यानं लिहिलेलं दिसतं. पण नंबर मुका पाहिजे. आमचे जुने हजेरी नंबर बोलके होते. पहिला आकडा खात्याचा, दुसरा कोणत्या मुकादमानं आणलं त्याचा, आणि मुकादम आपापल्या आळीतूनच माणसं आणतात, म्हणजे तो तिसरा प्रश्नच होता, आकड्यात विचारलेला.

२५

हे आधी यायला हवं होतं. नंबर देण्यापूर्वी मी पासवर्ड देऊन पाहिले होते. मशीनवर चार कारकून काम करतात, प्रत्येकाची माहिती वेगळी राहावी म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द. त्यांना म्हटलं, तुम्हीच ठरवा. एकानं बायकोचं नाव ठेवलं, एकानं देवाचं, एकानं स्वतःचं आडनाव उलटं लिहिलं आणि ते कोणाला कळणार नाही म्हणून दिवसभर खूश होता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळ्यांचे शब्द माहीत झाले. मग मी मशीनकडून शब्द काढून घेतले. अर्थ नसलेले, अक्षरं आणि आकडे मिसळलेले. स्टोअरच्या कारकुनानं त्याचा शब्द दोन दिवस पाठ केला, तिसऱ्या दिवशी त्याला तो आठवेना, म्हणून त्यानं तो दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवला. मी पुसला तर बाहेरच्या बाजूला लिहिला. मी रागावलो तेव्हा म्हणाला, अहो, ज्याला काही अर्थच नाही तो डोक्यात ठेवायचा कुठे? मी हसण्यावारी नेलं. त्याचं म्हणणं आत्ता, टेंपोत, वहिनीसमोर बसून मला आठवलं. डोकं अर्थाशिवाय काही ठेवून घेत नाही. वहिनीनं चोपन्न बारा नऊ दिवस डोक्यात ठेवला होता, कारण तिला तो अर्थासकट मिळाला होता.

४०

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी मशीन सुरू केलं आणि प्रोग्राम चालवला. २०९२, ६८६६, ८८१९, ७५६७, ८१८९, १६६३, ५४१२. सातवी वहिनी. मशीन बंद केलं, चहा पिऊन आलो, सुरू केलं. २०९२, ६८६६, ८८१९. बंद. सुरू. २०९२. त्या दिवशी मी ते अकरा वेळा केलं. अकराही वेळा मशीन एखाद्या पोरासारखं एकच पाढा म्हणत होतं, पहिल्याइतक्याच निरागसपणे, जणू आत्ताच सुचलाय. पुस्तकात बघितलं. पुस्तकात होतंच. सुरुवातीला मशीनला काहीतरी वेगळा आकडा द्या, नाहीतर ते दर वेळी त्याच जागेपासून मोजायला लागेल. रँडमाइज. एक शब्द, एक ओळ. मी ती ओळ फेब्रुवारीत वाचली होती, पेन्सिलनं खूणही केली होती. वाचताना वाटलं होतं, असेल. मशीनच्या पोटात कुठेतरी अंधारात एक चिंचोका हलत असेल, आणि कुठला वर येईल ते त्यालाही ठाऊक नसेल, असं माझ्या मनात चित्र होतं. पोटात काहीही हलत नव्हतं. तिथे एक लांबलचक यादी होती, आधीपासून लिहिलेली, आणि मी दर वेळी तिचं पहिलं पान उघडत होतो. पंचवीस एप्रिलला मी चाचणी म्हणून खऱ्या नावांची यादी छापून बघितली. छपाई नीट आली का, तेवढंच पाहायचं होतं. परीक्षेच्या दिवशी नंबर वेगळे येणार, मग हा कागद टाकाऊ, म्हणून गठ्ठ्याबरोबर गोदाला दिला. आमच्याकडे सगळे टाकाऊ कागद गोदाकडे जातात. कोणी पोरांच्या वह्यांना कव्हर घालतं, कोणी फळीवर अंथरतं. चार मेला परीक्षेआधी सकाळी मशीन सुरू करून खरी यादी काढली आणि हात कुलपावर ठेवून टिपणीस साहेबांच्या कपाटात बंद केली. तीच यादी तोपर्यंत कारखानाभर भज्यांना गुंडाळून फिरून आली होती.

५०

गोदाला विचारलं, तो गठ्ठा उरलाय का? ती कढईतून वर न बघता म्हणाली, "त्याला झाले की पंधरा दिस. सगळा खपला. तुमच्या कागदाला तेल बरं धरतं, सायेब, दुसरा पाठवा." तिला म्हटलं, त्यावर नावं होती. ती म्हणाली, "असतील. पोरी वाचत व्हत्या, हिला हा आकडा आला, तिला तो आला." म्हणजे एकटी वहिनी नव्हती. किती जणींनी वाचलं, किती जणांनी, ते तिला सांगता येईना. आबाजी फोरमन रोज चारला अर्धी प्लेट भजी घेतो. हे मलाही ठाऊक होतं, पण मी तिच्याकडून ऐकलं. त्याच्या कागदावर काय होतं? ती म्हणाली, तेल होतं. दुपारी मी आबाजीकडे गेलो. खरं विचारायचं नव्हतं आणि खोटं विचारायची सवय नव्हती, म्हणून म्हटलं, पेपर तपासायला त्रास झाला का? आबाजी साठीला आलेला, पळसदरीकडचा, वडिलोपार्जित भातशेती करून कारखान्यात येणारा माणूस. त्यानं तंबाखू चोळत माझ्याकडे बघितलं. "श्रीपतराव, बैलाच्या तोंडाला पोतं बांदून बैल घ्यायला सांगितलात तुमी. दात बगायचे नाय, शिंगं बगायची नाय. घेतला. आता तो नांगराला चालला तर बरा, नायतर तुमच्या मशीनला जुंपू." शेजारचे दोघं हसले. मीही हसलो. परतताना सगळा रस्ता मी ते वाक्य फिरवून फिरवून पाहत होतो. पोतं खरंच बांधलेलं होतं म्हणून तो चिडला होता? की पोतं केव्हाच फाटलंय हे ठाऊक असलेला माणूस अशीच चेष्टा करतो?

६०

मग मी ते केलं जे करायला नको होतं. गुणांच्या यादीपुढे मशीनकडून नावं लावून घेतली. आता कपाटाची गरज नव्हती, किल्ली माझ्या बोटांत होती, कोणाच्याही बोटांत होती. पहिल्या अकरांत आबाजीच्या पट्ट्यातल्या गावांचे पाच. त्रेसष्टांत त्या गावांचे सव्वीस. कोणी काहीच पाहिलं नसतं तर हिशेबानं अकरांत साडेचार यायला हवे होते. आले पाच. अर्धा माणूस जास्त. मी त्या अर्ध्या माणसाकडे तासभर बघत बसलो. आठ असते तर मी ओरडलो असतो. दोन असते तरी संशय घेतला असता, म्हटलं असतं मुद्दाम कमी केले. पाच म्हणजे काय? पाच म्हणजे काहीच नाही. आमच्या आळ्यांतले दोन, त्यांत वहिनी. तेही बरोबर. सगळं बरोबर होतं. आकडे बघून ते आंधळे आहेत की डोळस, हे कधीच कळत नाही. २०९२, ६८६६, ८८१९ बघून कोण म्हणेल की हे पाठ केलेलं आहे? मीच म्हटलं नव्हतं, चार महिने. समजा आबाजीला काही ठाऊक नव्हतं, तर निकाल स्वच्छ आहे आणि मी बोललो तर एक स्वच्छ निकाल रद्द होईल. समजा ठाऊक होतं आणि तो सरळ वागला, तरी निकाल स्वच्छ आहे. समजा तो वाकडा वागला, अगदी थोडा, अर्ध्या माणसाएवढा, तर बाहेर राहिलेला तो अर्धा माणूस कोण? त्रेसष्टांत मी त्याला शोधत होतो. बारावा नंबर हिरू नावाच्या पोरीचा होता, बावन्न किलोचा गठ्ठा एकटी उचलते, तिला एक गुण कमी पडला होता. तिच्या पेपरवर तिचं नाव दिसलं असेल का? तिची आळी दिसली असेल का? मला शाळेतले मास्तर आठवले. त्यांनाही कळलं नव्हतं.

५५

आणि एक जून. ही ओळ मी टाळत होतो. नियम होता, परीक्षेच्या दिवशी वय पस्तीस पूर्ण झालेलं नसावं. आमच्याकडे शाळेत पोर घालताना जन्म कधीचा हे कोणालाच सांगता येत नसे, म्हणून मास्तर सरसकट एक जून लिहीत. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचा हिशेब सोपा. त्रेसष्टांतले एकेचाळीस एक जूनला जन्मले आहेत. वेगवेगळ्या सालांत, पण सगळे एक जूनला. नवीन माणसाला ही यादी दाखवली तर वाटेल, या तालुक्यात त्या दिवशी काहीतरी वेगळंच घडतं. वहिनी चौथीपर्यंत शिकली. दाखल्यावर १ जून १९५१. मेमध्ये चौतीस. जूनच्या एक तारखेला पस्तीस पूर्ण. मी तोंड उघडलं तर फेरपरीक्षा जूनमध्ये होणार, कारण एकोणीस मेपासून कारखाना देखभालीसाठी तीन आठवडे बंद राहतो. फेरपरीक्षेत वहिनी नाही. तिचा नवरा सोमा, माझा चुलतभाऊ, कशेळ्याला भाताच्या गिरणीत काम करतो, गिरणी वर्षातले पाच महिने चालते. वहिनी सहा वर्षं हंगामी आहे. दर ऐंशी दिवसांनी तिला चार दिवस घरी बसवतात, म्हणजे ती पुन्हा नवी होते. पुढची परीक्षा कधी होईल कोणी सांगितलेलं नाही, पण ती झाली तरी तिच्यासाठी होणार नाही.

७०

मंगळवारी संध्याकाळी कर्जतच्या चारफाट्याला उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं. जीप भरायची होती, वेळ होता. सगळं सांगितलं. मशीनचं, यादीचं, आबाजीचं, हिरूचं. तिचे गुणही सांगितले, एवढं फोडल्यावर ते लपवण्यात अर्थ नव्हता. ती ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एकाहत्तर म्हटल्यावर तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा विचारलं, किती? मी पुन्हा सांगितलं. मग फेरपरीक्षेचं सांगितलं आणि एक जूनचं. जीपवाला कशेळे, कशेळे ओरडत होता. मला वाटलं ती म्हणेल, नका सांगू. मला ते हवं होतं, आता लिहिताना कळतं. तिनं म्हणावं, मग मी तिच्यासाठी गप्प बसेन, आणि जन्मभर तिच्याकडे बघून स्वतःला माफ करीन. किंवा तिनं म्हणावं, सांगा, मग ओझं तिचं. ती म्हणाली, "तुमी सांगितलंत तर मी तुमच्याशी बोलनार नाय, भावजी. नाय सांगितलंत तर तुमी माज्याशी बोलू शकनार नाय. मला वळखता येतं तुमचं. मंग मला काय इचारता?" आणि जीपमध्ये जाऊन बसली. मी दुसऱ्या जीपची वाट बघितली.

८०

बुधवारी टिपणीस साहेबांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणी तक्रार केली का? नाही. आबाजीनं काही केल्याचा पुरावा? नाही. मग तुम्ही तुमच्याच विरुद्ध तक्रार करताय, श्रीपत, असं ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. मी म्हटलं, एक ओळ घालायची राहिली होती, आता घातली आहे, मशीनला सुरुवातीला घड्याळातली वेळ देतो, म्हणजे यादी दर वेळी नव्या पानावर उघडते. ते ऐकत नव्हते. मी घड्याळाबद्दल बोलत राहिलो. कारण मला दुसरं काही सांगायचं होतं, की निकाल तसाच राहू द्या, पण ते सांगायला मी आलो नव्हतो. शेवटी त्यांनी नोटीस लिहायला घेतली. परीक्षा रद्द. फेरपरीक्षा पंधरा जून. आणि खाली एक ओळ, पेपरवर स्वतःचे नाव लिहावे. मी म्हटलं, साहेब, नंबर. ते म्हणाले, "आता नावच लिहू देत. नावाला कोणी फसवणूक म्हणत नाही." मी वयाचं बोललो, पहिल्या परीक्षेची तारीख धरा म्हटलं. ते हेड ऑफिसच्या हाती होतं. साहेब एवढंच म्हणाले की ज्यांची जन्मतारीख चुकीची लागली असेल त्यांनी तहसीलदारांसमोर प्रतिज्ञापत्र करून आणावं, आईवडिलांच्या साक्षीनं, तारीख पटण्यासारखी असेल तर बघता येईल. मी बाहेर आलो. नोटिशीसमोर गर्दी होती. हिरू वाचत होती, ओठ हलवत. आबाजी मागे उभा होता. तो चारला भजी घ्यायला गेला. त्याच्या पाठीवरूनही मला काही कळलं नाही. कधीच कळणार नाही.

९०

वहिनी शब्दाला जागली. बारा दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. प्रतिज्ञापत्राचं मी सोमाला सांगितलं, सोमानंच ठरवलं, आणि सव्वीस मेला आम्ही कर्जतला तहसील कचेरीच्या आवारात जमलो. वहिनीची आई पारूबाई कोंडाण्याहून पायी उतरून आली होती, मूल जन्मल्याची साक्ष तीच देऊ शकत होती. अर्जनवीस टेबलावर स्टँपपेपर दाबून बसला होता. त्यानं नावं लिहिली, गाव लिहिलं, आणि विचारलं, जन्म कधीचा? पारूबाई सांगू लागली. कापणी चालू होती. पावसानं उशीर केला होता. तिनं भारा बांधला आणि डोक्यावर घेताना पोटात कळ आली, तशीच बांधावर बसली, सासू म्हणाली आधी भारा टाकून ये. अर्जनवीस म्हणाला, "आजी, तारीख सांगा. सरकारला भात कळत नाही." ती म्हणाली, "तारीख मला कुटनं? ह्यो शिकलेला हाय ना आमचा, ह्यो सांगंल. सांग रं श्रीपत, कंचीबी."

कोणतीही.

सगळे माझ्याकडे बघत होते. कापणी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकसष्ट दिवस, त्यातला एक. चार महिने मी याच कामाला होतो. मी तोंड उघडलं आणि दोन ऑक्टोबर आला, तो टाकला, तो सगळ्यांचा ठरलेला. वीस आला, तो २०९२ मधला. बारा आला, तो तिच्या नंबरातला. सात आला, ती यादीत सातवी. एकवीस आला, तो कुठून आला ते लगेच कळलं नाही म्हणून मला क्षणभर आनंद झाला, मग आठवलं, माझ्या मुलाच्या वाढदिवसाचा. जो आकडा धरीन त्याच्या शेपटीला काहीतरी लोंबत होतं. घड्याळ बघावं, वाटलं. घड्याळ बघितलं, सव्वाअकरा झाले होते, आणि मला स्वतःचीच किळस आली. अर्जनवीस टाक शाईत बुडवून थांबला होता. शाईचा थेंब टोकाला जमत होता. सोमा म्हणाला, अरे सांग ना.

"चौदा आक्टोबर," वहिनी म्हणाली. अर्जनविसाला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "साल एकावन्न."

चौदा ऑक्टोबर. आमच्या घरात हा दिवस कॅलेंडरवर लाल नसतो तरी पोरांनाही पाठ असतो. छप्पन साली त्या दिवशी नागपूरला लाखो माणसांनी धर्म सोडला आणि धम्म घेतला, आणि ज्यांना गाडीभाड्याअभावी जाता आलं नाही ते आमच्या आईवडिलांसारखे गावातल्या गावात, विहिरीजवळ उभं राहून बौद्ध झाले. तीनशे पासष्टांतला हा एकच दिवस असा होता की जो वाचणाऱ्याला तिसरा प्रश्न विचारायची गरजच ठेवत नव्हता. आणि तिनं तो सगळ्या दिवसांतून उचलून स्टँपपेपरवर ठेवला होता.

मी हलक्या आवाजात म्हटलं, वहिनी, ही तारीख टिपणीस साहेब वाचतील. आबाजी वाचेल. त्यांना लगेच कळेल आणि शंका येईल की मुद्दाम निवडली आहे. दुसरी कोणतीही घे.

बारा दिवसांनी तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"वाचू द्या," ती म्हणाली. "मुद्दामच हाय."

अर्जनविसानं लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्याचं. लिहून झाल्यावर त्यानं कागद फिरवून पारूबाईपुढे सरकवला, शाईची डबी उघडली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे तिला कळावं ती कशाला अंगठा देते आहे. पारूबाईनं तारीख ऐकली, थोडा वेळ डोळे मिटले, ओठांनी काहीतरी मोजलं.

"चवदा का," ती म्हणाली. "बरुबर. तवा भात वलंच असतं, भारा जड व्हता." आणि अंगठा दाबला.